जॉन हॅरिसन : घर्षणाशी झुंजलेला सुतार

जाते गुळगुळीत झाले म्हणजे त्याला टाकी लावून घ्यावी लागते. कारण दाणा दळावयाचा तर दगडाने दगडाला घासलेच पाहिजे. उलट बैलगाडीचा आस कुरकुरू लागला म्हणजे गाडीवान खाली उतरतो आणि त्यास वंगण घालतो. कारण तेथे घासणे म्हणजे बैलांच्या श्रमाची नासाडी आणि आसाची झीज. घर्षण एकच, परंतु एके ठिकाणी ते आपले काम करते, तर दुसरे ठिकाणी ते आपले काम बिघडविते. दोन पृष्ठभाग एकमेकांवर कसे घसरतात हा प्रश्न असा घरगुती व क्षुल्लक वाटतो. तथापि ह्याच प्रश्नावर एके काळी हजारो खलाशांचे प्राण अवलंबून होते, आणि तो सोडविण्यात इंग्लंडातील एका खेड्यातील सुताराचे सबंध आयुष्य खर्ची पडले. त्याचे नाव जॉन हॅरिसन.

हॅरिसनचा जन्म इसवी सन १६९३ मध्ये यॉर्कशायर परगण्यातील फाउल्बी ह्या खेड्यात झाला. त्याचा बाप हेन्री हा सुतार होता. जॉन लहान असतानाच हे कुटुंब लिंकनशायरमधील बॅरो ह्या गावी राहावयास गेले. तेथे मुलगा बापाच्या हाताखाली धंदा शिकला. लाकडाचा उभा व आडवा रेषा कसा ओळखावा, कोणते लाकूड चिरते, कोणते वाकते व कोणते टिकते, हे ज्ञान त्यास पुस्तकातून नव्हे तर रंध्याखालून मिळाले. शाळेचे शिक्षण मात्र बेताचेच होते. तो विशीच्या घरात असताना एका धर्मोपदेशकाने केंब्रिज येथील अंध गणिताध्यापक निकोलस सॉन्डर्सन ह्याच्या व्याख्यानांची हस्तलिखित प्रत त्यास वाचावयास दिली. त्या तरुणाने ती आकृत्यांसह सबंध आपल्या हाताने उतरून काढली आणि पुढे कित्येक वर्षे तिच्या समासांत टिपणे लिहिली. ज्यास पाठशाळा लाभली नाही त्याने एका उसन्या वहीची पाठशाळा केली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

सन १७१३ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने आपले पहिले लंबकाचे घड्याळ तयार केले. त्याचा बहुतेक भाग लाकडाचा होता. चाके ओक लाकडाची होती व त्यांचे दाते लाकडाचा रेषा सांभाळून असे कापले होते की ते तुटू नयेत. घड्याळजी पितळ वापरीत; सुताराने आपल्यास अवगत असलेले द्रव्य वापरले. परंतु लवकरच त्यास खऱ्या शत्रूची ओळख पटली. तो शत्रू म्हणजे तेल.

हे विधान विचित्र वाटेल. कारण तेल हे तर घर्षणावरचे औषध. परंतु त्या काळचे तेल प्राण्यांच्या चरबीपासून किंवा वनस्पतींपासून काढलेले असे. थंडीत ते दाट होई व उन्हाळ्यात पातळ होई. काही महिन्यांनी ते सुकून चिकट बने, आणि त्यात धूळ मिसळली म्हणजे वंगणाऐवजी आस कापणारा लेपच तयार होई. चाकाच्या आसाची टोके ज्या छिद्रांत फिरतात, ज्यांस यंत्रशास्त्रात बेअरिंग म्हणतात, त्या छिद्रांतील घर्षण असे रोज बदलत राहिले, तर घड्याळाची गती स्थिर कशी राहणार? कारागीर अधिक चांगल्या तेलाच्या शोधात होते. हॅरिसनने प्रश्नच उलटा केला. ज्यास तेल लागतच नाही असे घड्याळ करता येईल काय, असा विचार त्याने केला.

उत्तर त्यास लाकडातच सापडले. अमेरिकेच्या उष्ण प्रदेशात लिग्नम व्हायटी नावाचा एक वृक्ष होतो. त्याचे लाकूड इतके जड असते की ते पाण्यात बुडते. आणि त्याच्या अंगातच एक तेलकट राळ भरलेली असते. सन १७२२ च्या सुमारास ब्रॉकल्सबी पार्क येथील जमीनदार सर चार्ल्स पेलम ह्याच्या तबेल्यावरील मनोऱ्यासाठी हॅरिसनने घड्याळ बांधले. त्यात त्याने आसांची टोके टेकण्याच्या जागा ह्या लाकडाच्या केल्या. लाकूड स्वतःच आपले वंगण पुरवीत राहिले. जेथे धातू अवश्य होता तेथे, गंज चढू नये म्हणून, त्याने लोखंडाऐवजी पितळ योजिले. तीनशे वर्षे उलटून गेली, तरी ते घड्याळ तेलावाचून अद्यापि चालू आहे.

पुढे आपला धाकटा भाऊ जेम्स ह्याच्या साहाय्याने त्याने आणखी घड्याळे केली. उष्णतेने लंबक लांबतो व घड्याळ मागे पडते. म्हणून त्याने पितळेच्या व पोलादाच्या सळया आलटून पालटून जोडल्या व एकीची वाढ दुसरीने खोडून काढली. लंबकाला धक्का देणारा भाग नेहमी त्याच्यावर घसरत असे. त्या ठिकाणी त्याने नाकतोड्याच्या पायांसारखी एक रचना केली, जी घसरण्याऐवजी केवळ टेकते व उचलली जाते. घड्याळ बरोबर चालते की नाही हे पाहण्यास त्याच्यापाशी वेधशाळा नव्हती. तो रात्री आपल्या खिडकीच्या कडेतून शेजाऱ्याच्या धुराड्याकडे पाही. ठरावीक तारा धुराड्याआड दररोज ३ मिनिटे ५६ सेकंद लवकर जातो, हा सृष्टीचा नियम आहे. त्या ताऱ्यांशी ताडून पाहता त्याचे घड्याळ महिन्याकाठी एका सेकंदापेक्षा अधिक चुकत नसे. त्या काळची उत्तम घड्याळे दिवसाला जवळजवळ तेवढी चुकत.

आता ह्या घड्याळांचा व खलाशांच्या प्राणांचा संबंध काय, ते पाहू. जहाज उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे किती आहे, हे सूर्य व तारे ह्यांच्या उंचीवरून कळते. परंतु पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे किती आहे, म्हणजे त्याचा रेखांश काय, हे समजण्यास एकाच क्षणी दोन ठिकाणची वेळ ठाऊक असावी लागते. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. जहाजावर दुपारचे बारा झाले असता बंदरावरील घड्याळात तीन वाजले असतील, तर जहाज बंदराच्या पश्चिमेस ४५ अंशांवर आहे. म्हणून बंदराची वेळ बिनचूक सांभाळणारे घड्याळ बरोबर पाहिजे. चार मिनिटांची चूक म्हणजे एक अंशाची चूक. आणि विषुववृत्तावर एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. लंबकाचे घड्याळ तर हेलकावणाऱ्या जहाजावर चालतच नसे. सन १७०७ च्या ऑक्टोबर महिन्यात आपले ठिकाण चुकल्यामुळे सर क्लाउड्स्ली शोव्हेल ह्याच्या आरमाराची चार जहाजे सिली बेटांच्या खडकांवर आपटली व सुमारे १४०० ते २००० माणसे बुडाली.

अशा आपत्तींमुळे ब्रिटिश पार्लमेंटने १७१४ साली कायदा करून मोठे बक्षीस जाहीर केले. वेस्ट इंडीजपर्यंतच्या प्रवासात अर्ध्या अंशाच्या आत रेखांश दाखविणाऱ्यास २०,००० पौंड मिळावयाचे होते. घड्याळाच्या भाषेत ह्याचा अर्थ असा की सहा आठवड्यांच्या सफरीत एकंदर चूक दोन मिनिटांहून, म्हणजे दिवसाला तीन सेकंदांहून, कमी हवी. थंडी, उष्णता, खारी हवा व लाटा ह्यांतून! सर आयझॅक न्यूटनसारख्या पंडितासही अशा घड्याळाची फारशी आशा नव्हती. ज्योतिर्विद चंद्राच्या गतीवरून रेखांश काढण्याच्या मार्गास लागले होते.

सन १७३० च्या सुमारास हॅरिसन आपली रेखाटने घेऊन लंडनला गेला. राजज्योतिषी एडमंड हॅली ह्याने त्यास प्रख्यात घड्याळजी जॉर्ज ग्रॅहॅम ह्याच्याकडे पाठविले. ग्रॅहॅमने त्याचे म्हणणे ऐकून घेतले व त्यास बिनव्याजी पैसे उसने दिले. आपल्याच धंद्यातील एका अनोळखी खेडुताला पुढे आणण्यात त्या थोर कारागिराने कमीपणा मानला नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पाच वर्षांनी, १७३५ मध्ये, हॅरिसनचे पहिले सागरी घड्याळ तयार झाले. त्याचे वजन सुमारे ३४ किलो होते. लंबकाऐवजी त्यात एकमेकांस जोडलेले दोन दांडे उलटसुलट झुलत. त्यामुळे जहाजाच्या हेलकाव्याने एकाची गती बिघडली तर दुसरा ती भरून काढी. मुख्य आस छिद्रात घासू नयेत म्हणून ते मोठ्या चाकांच्या कडांवर टेकविलेले होते; आस हलला की खालचे चाकही थोडे हले, आणि घासण्याच्या जागी लोळणे होई. सन १७३६ मध्ये ह्या घड्याळासह तो लिस्बनला गेला. परत येताना दृष्टीस पडलेली जमीन जहाजावरील अधिकाऱ्यांनी स्टार्ट पॉइंट समजली. हॅरिसनने आपल्या घड्याळावरून ती लिझार्डचे टोक आहे असे सांगितले, आणि त्याचे म्हणणे खरे ठरले.

पुढच्या वर्षी रेखांश मंडळाची सभा भरली. मंडळ बक्षिसाच्या चाचणीस अनुकूल होते. परंतु हॅरिसनने स्वतःच आपल्या घड्याळातील दोष दाखविले व दुसरे करण्यास केवळ खर्चापुरती रक्कम मागितली. दुसरे घड्याळ १७३९ च्या सुमारास पुरे झाले. त्यातही त्यास एक मूलभूत उणीव दिसली, म्हणून त्याने ते समुद्रावर जाऊ दिले नाही. तिसरे त्याने १७४० मध्ये हाती घेतले, आणि त्यात त्याची १९ वर्षे गेली. ह्या तिसऱ्या घड्याळाने त्यास यश दिले नाही. पण जगास त्याने दोन मौल्यवान वस्तू दिल्या. पहिली म्हणजे पितळ व पोलाद ह्यांची एकत्र जोडलेली पट्टी, जी उष्णतेने वाकते. विजेच्या इस्त्रीचा ताप आपोआप आवरण्यास हीच युक्ती उपयोगी पडली. दुसरी म्हणजे पिंजऱ्यातील रूळ. आसाभोवती त्याने लहान रूळ बसविले, आणि ते एकमेकांस घासू नयेत म्हणून त्यांस एका चौकटीत अंतराअंतरावर अडकविले. सायकलीपासून आगगाडीपर्यंत ज्यांवाचून आज चाक फिरत नाही, त्या पिंजरेदार बेअरिंगांचे मूळ ह्या घड्याळात आहे.

ह्याच सुमारास हॅरिसनला असे आढळून आले की, चांगल्या रीतीने केलेले लहान खिशातील घड्याळही आश्चर्यकारक अचूकपणे चालू शकते. साठी उलटत आलेल्या माणसाने अशा वेळी काय करावे? आयुष्यभर ज्या मार्गाने चाललो तो सोडावा, की हट्टाने धरून बसावे? हॅरिसनने तो सोडला. सन १७५९ मध्ये त्याचे चौथे घड्याळ तयार झाले. त्याचा व्यास १३ सेंटिमीटर व वजन दीड किलोहूनही कमी. त्याचे तोलचक्र सेकंदाला पाच ठोके देत इतक्या जोराने व मोठ्या फेऱ्याने झुलत असे की जहाजाच्या हेलकाव्यांचा त्यावर परिणाम होऊ नये.

परंतु ह्या लहान जागेत लिग्नम व्हायटी किंवा रूळ मावणे शक्य नव्हते. जो आयुष्यभर तेलाशी लढला त्यास येथे तेलाचा स्वीकार करावा लागला. मात्र तेलाला शक्य तितका उत्तम पृष्ठभाग मिळावा अशी तजवीज त्याने केली. आसांची टोके त्याने माणकांत कोरलेल्या छिद्रांत फिरविली. ही माणकांची युक्ती त्याची नव्हे. निकोलस फातियो ह्याने ती लंडनमध्ये १७०४ साली काढली होती. परंतु हॅरिसनने तिच्या जोडीस, तोलचक्राला धक्का देणाऱ्या जागी, अत्यंत बारीक घडविलेले हिरे बसविले. माणिक व हिरा ही रत्ने येथे शोभेसाठी नव्हती. ती कठीण, गुळगुळीत व न झिजणारी असतात, म्हणून होती. आपल्या घरी चावीचे जुने मनगटी घड्याळ असेल, तर त्याच्या तबकडीवर १७ ज्युएल्स असे लिहिलेले पाहावे; ते ह्याच कामी येणाऱ्या रत्नांची संख्या सांगते.

सन १७६१ च्या नोव्हेंबरात हॅरिसनचा मुलगा विल्यम हे घड्याळ घेऊन डेटफर्ड जहाजावरून जमेकाला निघाला. बाप आता ६८ वर्षांचा होता; सफर त्यास झेपण्यासारखी नव्हती. वाटेत मदिरा बेट केव्हा दिसेल हे विल्यमने घड्याळावरून आधीच सांगितले. कप्तानाचा अंदाज निराळा होता, पण बेट दिसले ते विल्यमच्या भाकिताप्रमाणे. घड्याळाची रोजची ज्ञात चूक हिशेबात धरता, ८१ दिवसांनंतर जमेका येथे ते अवघे ५.१ सेकंद मागे असल्याचे ठरले. कायद्याने दोन मिनिटांची सवलत दिली होती!

बक्षीस मात्र मिळाले नाही. हे यश काकतालीय असू शकेल, असा मंडळाने आक्षेप घेतला. १७६४ मध्ये बार्बाडोसपर्यंत दुसरी सफर झाली. तीत सुमारे ३९ सेकंदांची चूक आली, म्हणजे अपेक्षेच्या तिपटीने सरस. तेव्हा नवीन अटी निघाल्या. घड्याळाचे सर्व रहस्य उघड करावे, सर्व घड्याळे स्वाधीन करावी, आणि तशीच आणखी दोन करून दाखवावी. हॅरिसनने १७६५ मध्ये जाणत्या लोकांसमोर आपले घड्याळ सुटे करून दाखविले, तेव्हा त्यास अर्धी रक्कम, म्हणजे १०,००० पौंड, मिळाली. त्याच वर्षी नेव्हिल मॅस्केलिन राजज्योतिषी झाला. तो चंद्रमार्गाचा कैवारी होता, आणि घड्याळाच्या परीक्षेचे काम त्याच्याकडेच आले. त्याचा अभिप्राय प्रतिकूल पडला. हॅरिसन पितापुत्रांना ह्यात उघड अन्याय दिसला.

तथापि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मॅस्केलिन विद्वान व उद्योगी होता. १७६७ पासूनच्या त्याच्या नौकापंचांगाने असंख्य नाविकांना मार्ग दाखविला. तसेच, एका असामान्य कारागिराच्या हातून झालेली एकच वस्तू सबंध आरमाराच्या उपयोगी पडेल काय, हा मंडळाचा प्रश्न निरर्थक नव्हता. दोष प्रश्नात नव्हता. एका वृद्धाला पुन्हा पुन्हा नव्या अटी घालण्यात होता.

लार्कम केंडल ह्या कारागिराने त्या घड्याळाची हुबेहूब प्रतिकृती केली, आणि कॅप्टन जेम्स कुक ती आपल्या १७७२ ते १७७५ च्या पृथ्वीप्रदक्षिणेत बरोबर घेऊन गेला. दक्षिणेकडील बर्फापासून उष्ण कटिबंधापर्यंत तिने त्यास दगा दिला नाही. प्रारंभी साशंक असलेला कुक तिचा पुरस्कर्ता होऊन परतला. इकडे हॅरिसनने आपले पाचवे घड्याळ पुरे केले. राजा तिसरा जॉर्ज ह्याने १७७२ मध्ये आपल्या खासगी वेधशाळेत दहा आठवडे त्याची परीक्षा घेतली; चूक दिवसाला एक तृतीयांश सेकंदाएवढीच आली. राजाच्या पाठिंब्याने १७७३ साली पार्लमेंटने त्यास ८,७५० पौंड दिले. ते पार्लमेंटचे देणे होते. मूळ बक्षीस म्हणून ते कोणासही कधीच मिळाले नाही. त्या वेळी हॅरिसन ८० वर्षांचा होता. कुक परत आल्याची वार्ता ऐकण्यापुरता तो जगला, आणि २४ मार्च १७७६ रोजी लंडन येथे मरण पावला. हॅम्पस्टेड येथील सेंट जॉन चर्चच्या आवारात त्याची समाधी आहे. २००६ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतही त्याचा स्मृतिफलक बसविण्यात आला.

त्याची घड्याळे ग्रिनिच येथे दीर्घकाळ धूळ खात पडली होती. १९२० मध्ये रुपर्ट गूल्ड नावाच्या नौसैनिक अधिकाऱ्याने ती पाहिली व पुढील तेरा वर्षे खपून त्यांस पुन्हा जिवंत केले. आज तेथे गेल्यास एक गोष्ट मनास चटका लावते. पहिली तीन घड्याळे, जी बक्षिसास पात्र ठरली नाहीत, ती चालू आहेत. कारण त्यांस तेल लागत नाही. जगजेत्या चौथ्या घड्याळाचे काटे मात्र मुद्दाम थांबवून ठेविले आहेत. चालविल्यास तेलाबरोबर त्याची झीज होईल, अशी भीती आहे. लंबकाच्या घड्याळांविषयीचा हॅरिसनचा शेवटचा दावा त्याच्या समकालीनांनी हास्यास्पद ठरविला होता. त्याच्या तत्त्वांनुसार बांधलेले एक घड्याळ २०१५ मध्ये ग्रिनिच येथे १०० दिवस मोहोरबंद करून ठेविले, तेव्हा त्याची एकंदर चूक एका सेकंदाहूनही कमी भरली.

घर्षणाचा प्रश्न अजून संपलेला नाही. आजचे अभियंते लेसर किरणांनी बेअरिंगच्या गुळगुळीत पृष्ठभागावर केसाच्या जाडीएवढे बारीक खळगे कोरतात. त्या खळग्यांत तेल साठून राहते, झिजेचे कणही त्यांत पडून राहतात, आणि दोन पृष्ठभाग एकमेकांस घासण्याऐवजी तेलाच्या थरावर तरंगतात. जो पृष्ठभाग आपले वंगण आपल्यापाशी बाळगतो तोच टिकतो, हे मर्म लिंकनशायरच्या त्या सुताराने लिग्नम व्हायटीच्या तुकड्यात तीनशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

विद्यार्थ्यांनी त्याच्या चरित्रातून केवळ चिकाटीचा धडा घेतला तर तो अपुरा होईल; चिकाटी हट्टी माणसापाशीही असते. बक्षीस समोर असताना ज्याने आपल्या कामातील दोष इतरांच्या आधी स्वतः सांगितले, आणि एकोणीस वर्षांचे श्रम बाजूस सारून जो म्हातारपणी नव्या वाटेने चालू लागला, त्याचा प्रामाणिकपणा अधिक दुर्मिळ आहे. आपल्या घरातील घड्याळाची टिकटिक ऐकताना त्याचे स्मरण व्हावे.